सहाव्या आकड्यापुढची जागा

नोव्हेंबरात, मंगळवारी, सकाळी साडेसात वाजता बाबा वारले. आई त्यांच्याजवळ होती. मी हिंजवडीच्या बसमध्ये होते. बुधवारी दफन झालं. शनिवारी मी चर्चचं पत्रक तयार केलं. रविवारी ते वाटलं गेलं.

त्या पत्रकाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

आमच्या मंडळीत दर रविवारी एका कागदाचं, पाठपोट छापलेलं पत्रक निघत असे. पुढच्या बाजूला त्या दिवशीच्या उपासनेचा क्रम आणि मंडळीतल्या बातम्या: कोणाचं लग्न ठरलं, कोणाकडे बाळ झालं, कोण वारलं. मागच्या बाजूला आजाऱ्यांची यादी, आकडे घालून. पाळकसाहेब ती यादी वेदीजवळ उभे राहून मोठ्यानं वाचत, मग प्रार्थना करत आणि सगळी मंडळी आमेन म्हणत असे. यादीत नावं पूर्ण असत. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. हा बाबांचा नियम होता. ते म्हणत, "एका नावाची तीन-तीन माणसं आहेत आपल्यात. देवाला कळेल हो कोण आजारी ते, पण पाळकसाहेबांनाही कळायला नको का?"

हे पत्रक माझ्या लहानपणापासून बाबाच जुळवत. ते एका जुन्या छापखान्यात कामाला होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, लाकडी खणांतून एकेक उचलायचे आणि डाव्या हातातल्या पट्टीत उलटे लावत जायचे, हे त्यांचं काम. छापखान्याच्या मागेच आम्हाला दोन खोल्या होत्या. शाळेतून आले की मी त्यांच्या घोडीशेजारच्या, म्हणजे खण मांडायच्या लाकडी चौकटीशेजारच्या, स्टुलावर बसून पुस्तक वाचत असे. शाईचा आणि रॉकेलचा वास, मशीनचा एकसुरी ठेका, आणि बाबांच्या बोटांचा अगदी बारीक टकटक आवाज. मी आयुष्यात जितकं वाचलं त्यातलं निम्मं तरी त्या आवाजात वाचलं असेन.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की दोन शब्दांच्या मध्ये जी जागा सुटते ती कशी सोडता. त्यांनी खणातून शिशाचा एक कोरा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्यावर अक्षर नव्हतं. खिळ्यापेक्षा तो थोडा बुटका होता, म्हणून त्याला शाई लागत नसे. ते म्हणाले, "जागा सोडत नाहीत, बसवतात. ही नसली तर अख्खी ओळ ढिली पडते आणि अक्षरं हातातून गळतात." तो तुकडा मला जड लागला होता, एवढं आठवतं.

मग कॉम्प्युटर आले. नव्वदनंतरच्या त्या पाच-सहा वर्षांत पुण्यातले असे कितीतरी छापखाने मिटले, तसा आमचाही मिटला. खिळे पोत्यांत भरून नेले. आम्ही कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. तेव्हा आमच्या गच्चीतून टेकडी दिसायची आणि मधे मोकळी रानं होती. एकेक वर्षी एकेक इमारत मधे उभी राहत गेली. मी एम.ए. झाले, आणि मराठी वाङ्मय शिकून शेवटी हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहायला लागले. पत्रकाचं काम आपोआप माझ्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर ते करायची आणि बाबा मागे खुर्ची टाकून बसायचे. पडद्यावरचं प्रूफ ते उजवीकडून डावीकडे वाचत. सरळ वाचलं की चुका लपतात, असं त्यांचं म्हणणं.

काम सोपं होतं. मागच्या आठवड्याची फाइल उघडायची, नवं नाव देऊन ठेवायची, तारीख बदलायची, बातम्या बदलायच्या. आजाऱ्यांच्या यादीत सहसा एक-दोन नावांचाच फरक पडे. त्या वर्षी मार्चपासून सहावं नाव बाबांचं होतं.

त्या शनिवारी मी पुढच्या पानावर बाबांच्या निधनाची बातमी लिहिली. चार ओळींची. त्या चार ओळी मी तासभर लिहीत होते. मागचं पान मी उघडूनही पाहिलं नाही. मागे खुर्ची रिकामी होती.

रविवारी पाळकसाहेबांनी बातमी वाचली, दोन शब्द बोलले. मग पत्रक उलटं केलं आणि सवयीनं यादी वाचायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या आकड्याला त्यांनी बाबांचं पूर्ण नाव वाचलं. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर आडनाव आलं होतं. ते पुढे वाचत गेले. दुसरं काय करणार? मग त्यांनी सर्वांना आराम पडावा म्हणून प्रार्थना केली. कोणी मान वळवून आमच्याकडे बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं. आमेनच्या वेळी शेजारून आईचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा आला.

बाहेर पायरीवर मेट्रनबाई उभ्या होत्या. चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढून निवृत्त झालेल्या. सगळी मंडळी त्यांना थोडी भीत असे. त्या म्हणाल्या, "काय गं, दोन्ही पानांवर? तुझ्या बाबांनी एवढी जागा कधी अडवली नव्हती." त्यांनी माझ्या कोपराखाली हात धरला आणि रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

रिक्षात आई म्हणाली, "त्यांनी पाहिलं असतं तर पहिल्यांदा हसले असते."

"आणि मग?"

"मग तुला उलटं वाचायला लावलं असतं."

मला हसू आलं नाही. का, ते सांगते. मला लहानपणापासून मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही. आमच्यात ते अवघडच. कोणाच्याही घरी गेलं की निघताना कोणीतरी म्हणणार, चला, प्रार्थना करू या, आणि ज्याच्याकडे बघतील त्यानं डोळे मिटून, मनाला येईल ते, सरळ बोलायचं. संडे स्कूलमध्ये बाईंनी एकदा माझं नाव घेतलं तेव्हा मी 'हे प्रभू' एवढं म्हणाले आणि त्याच्यापुढे काही आलंच नाही. सगळी मुलं डोळे मिटून वाट बघत होती. त्यानंतर जेव्हा जेव्हा माझ्यावर पाळी आली, तेव्हा बाबा मधे पडले. "असू दे, ती लिहून करते." पत्रक माझ्याकडे आल्यावर ते पुढे जोडत, "पत्रकातली यादी म्हणजे तिचीच प्रार्थना." मी त्या वाक्याच्या आडोशाला पंचवीस वर्षं राहिले. आणि आता यादीही मी बिघडवली होती.

पुढच्या शनिवारी मी मागचं पान उघडलं. बाबांचं नाव पुसलं. पण ओळ काढली नाही. ओळ काढली असती तर सातवं नाव वर सरकून सहावं झालं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. म्हणून पत्रकात पाच, मग नुसता सहा, मग सात, असं छापलं गेलं. पाळकसाहेबांनी वाचताना सहा गाळला. डिसेंबर लागेपर्यंत ते तसंच चाललं.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे पहाटेच्या प्रार्थना. पहिल्या तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एका घरी साडेपाचला जमायचं. कोणती पहाट कोणाची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पूर्वी सगळे छापखान्याच्या आसपासच राहत, तेव्हा मफलर गुंडाळून चालत जाता येत असे. फ्लॅट झाले तसे लोक पांगले, खडकीपासून धायरीपर्यंत, पण तारखा कोणी सोडल्या नाहीत. माकडटोप्या आणि स्वेटर चढवून, स्कूटरवर पुढे मुलाला उभं करून लोक येत. नदीवर धुकं असे, चौकाचौकात रखवालदारांच्या शेकोट्या. प्रार्थना संपेपर्यंत घरात विजेचा दिवा लावायचा नाही, फक्त एक कंदील. गाणं व्हायचं, मग घरच्या मोठ्या माणसानं वचन वाचायचं, आजाऱ्यांची यादी वाचायची आणि प्रार्थना करायची. मग दिवे, चहा, खारी, आणि ज्याचा त्याचा कामाचा रस्ता.

आमची पहाट अकरावी.

कोथरूडला आम्ही नवीन होतो तेव्हा पहिल्याच डिसेंबरात जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली होती: 'पहाटे जिन्यात चपला वाजवू नयेत. देव जागा असतो, रहिवासी नसतात.' खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंचं काम. काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. बाबांनी पाटी तीनदा वाचली, शेवटी उलटीही वाचली, आणि आनंदानं म्हणाले, "एक चूक नाही हो!" पुढच्या वर्षीपासून आमची माणसं फाटकापाशीच चपला काढायची आणि त्या थंडीत अनवाणी तीन मजले चढायची. पहाटे अंधारात बसून जिन्यातून येणारा तो मऊ, दबका पावलांचा आवाज ऐकणं, हा माझ्यासाठी नाताळचा पहिला आवाज होता. बाबा तो ऐकला की कंदिलाची वात वर करत. आणि त्यांची प्रार्थना दर वर्षी एकाच वाक्यानं सुरू होई: "प्रभू, उजाडायच्या आत आलो आहोत."

पहिल्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलून मग मला म्हणाले, "या वर्षी तुमचं घर वगळू का? कोणी काही म्हणणार नाही. घरातलं माणूस गेलंय."

मला एवढं हलकं वाटलं की मी लगेच म्हणाले, "चालेल."

आतून आईचा आवाज आला. "पाळकसाहेब, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि घर वगळू नका."

ते गेल्यावर मी आईवर चिडले. म्हटलं, "यादी कोण वाचणार? प्रार्थना कोण करणार? तू कर मग."

"मी चहा करणार आहे. पंचवीस माणसांचा चहा तू करशील?"

"मग मेट्रनबाईंना सांगू."

"घर आपलं आणि प्रार्थना मेट्रनबाईंची? उद्या त्यांच्याच हातानं दारावर नावाची पाटीही लावून घे." मग जरा थांबून ती म्हणाली, "हे बघ, तुझ्यानं नाही झालं तर नाही झालं. मी मनातल्या मनात करीन आणि सगळ्यांना चहा देईन. पण दार उघडं राहील. आणि एकदा सोडली की पहाट दुसऱ्याची होते, माहीत आहे ना? आपली म्हणून मागायला पुन्हा तोंड राहणार नाही."

हे खरं होतं. दोन घरांनी पूर्वी तारखा सोडल्या होत्या, त्या परत मिळाल्या नाहीत. मंडळी काही कठोर नव्हती, पण वाट बघणारी घरं बरीच होती. बाबांची पहाट माझ्या भीतीपायी सोडायची की ठेवायची, एवढंच उरलं होतं.

पहिल्या दहा पहाटांना मी कुठेच गेले नाही. आई शेजारच्या मंडळींबरोबर जायची, परत येऊन कोणाकडे चहा पांचट होता ते सांगायची. मी अंथरुणात पडून खिडकीबाहेरचा अंधार बघायची. त्या वर्षीचा अंधार मला वेगळा वाटायचा. सहा वाजायचे, सव्वासहा वाजायचे, तरी तो तसाच. कंपनीची बस सातला असायची. बसमध्ये सगळे कानात वायर घालून झोपलेले. मी त्यांच्यात बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवायची आणि मोडायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी प्रार्थना लिहून काढली. तीन खर्डे केले. चौथा पक्का करून स्वयंपाकघरात नेला. आई करंज्या भरत होती. मी तिला सगळी वाचून दाखवली. ती पारीची कड दाबत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे. कोणाला पाठवायचीय?"

"म्हणजे?"

"अर्जासारखी वाटते. खाली सही कर आणि नक्कल ठेव."

मी ओट्यावर कागद आपटला. समोर कपाटावर आईनं नाताळच्या गोष्टीतल्या गव्हाणीचा देखावा मांडला होता. मातीची चित्रं, बाबांच्या आईच्या वेळची. त्यातल्या सुताराच्या, बाळाच्या बापाच्या, हातातला कंदील केव्हाच तुटलेला. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा बघ. सगळ्या गोष्टीत याच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूत बोलतात, मेंढपाळ बोलतात, हा नुसता उभा असतो. याचं चाललं ना?"

मला वाटलं, बिनतोड आहे. बाबांना तर हे फार आवडलं असतं.

आईनं पिठाचे हात न पुसताच मागे वळून बघितलं. "बोलला नाही असं नाही. लिहिलेलं नाही एवढंच. परक्या गावात, थंडीत, बायको अवघडलेली. दारोदार जाऊन जागा काय मुक्यानं मागितली त्यानं? मागितली असेलच ना. दोन जागा आहेत का म्हणून. आणि नाही म्हटल्यावर पुढच्या दारी पुन्हा." ती परत करंजीकडे वळली. "त्याला काय फार सुंदर बोलायचं होतं असं नव्हतं. जागा पाहिजे होती."

मी कागद घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला.

सकाळी साडेचारला आई उठली तेव्हा मी जागीच होते. तिनं कंदिलाची काच पुसून ठेवलेली होती. मी सतरंज्या घातल्या. सव्वापाचला जिन्यातून पहिली पावलं ऐकू आली, अनवाणी, सावकाश. मग आणखी. मी कंदिलाशी बसले होते. वात वर करायचं माझ्या उशिरा लक्षात आलं.

पंचवीसहून जास्त माणसं आली. मेट्रनबाई खुर्ची नको म्हणाल्या आणि दाराशी टेकून बसल्या. सगळ्यात शेवटी खालच्या काकू आल्या, हातात स्वतःची घडीची सतरंजी घेऊन. "आम्ही काकड आरतीला उठतोच की," त्या आईला हळूच म्हणाल्या, "आज इकडे बसते. चालेल ना?" आईनं त्यांना आपल्या शेजारी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवलं.

गाणं झालं. मी वचन वाचलं. छापलेलं वाचायची मला कधीच भीती नव्हती. मग पत्रक उलटं केलं.

एक. दोन. तीन. चार. पाच. प्रत्येक नाव मी पूर्ण वाचलं. सहा गाळून सरळ सातवर जायचं, हे मी आठ दिवस मनात पक्कं केलं होतं. पण यादी वाचणाऱ्याच्या तोंडून आकडा आधी जातो. मी "सहा" म्हणाले.

आणि थांबले.

कंदिलाच्या उजेडात तो आकडा आणि त्याच्यापुढचा कोरा कागद दिसत होता. कोणी खोकलं. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं आणि आई उठून ते मंद करत नव्हती. खिशातला कागद हाताला लागला. तो काढून वाचावा असं वाटलं, आणि तेवढ्यात वाटलं की ह्या जागेवर तो बसणार नाही. ही जागा मी बाबांना पुसून मोकळी सोडली, असं मी समजत होते. ती सोडलेली नव्हती. ती इथे बसलेली होती, तिचं वजन होतं, आणि तिच्यामुळेच बाकीची ओळ उभी होती. मला तो सुतार आठवला. जागा पाहिजे होती, म्हणून त्यानं मागितली.

मी माझं नाव घेतलं. पूर्ण. यादीत घ्यायचं तसं: माझं, वडिलांचं, आडनाव. बाबांचं नाव माझ्या नावाच्या मधोमध आलं आणि कोणाचीही चूक न होता सहाव्या आकड्यापुढे पुन्हा वाचलं गेलं. हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडून बाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

स्वतःचं नाव कोणी स्वतः घालत नसे. ते दुसऱ्यानं कळवायचं असतं.

दाराशी मेट्रनबाईंचा आवाज आला, वॉर्डातल्या पेशंटला विचारावा तसा. "काय होतंय?"

"झोप लागत नाही," मी म्हणाले. "आणि भीती वाटते."

"कसली?"

"बोलायची."

"मग आत्ता काय चाललंय?"

अंधारात कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसली, आई पण. मेट्रनबाई म्हणाल्या, "बरं. पुढचं वाच. सातवा पेशंट खोळंबलाय."

मी सात, आठ, नऊ वाचलं. मग पत्रक खाली ठेवलं आणि डोळे मिटले. आत काहीच नव्हतं, संडे स्कूलमध्ये नव्हतं तसंच. पण या वेळी त्या रिकामपणाची घाई झाली नाही. मी म्हणाले, "प्रभू, उजाडायच्या आत आलो आहोत." ते वाक्य बाबांचं होतं. पुढची माझी होती. "आम्हाला अजून काही दिसत नाही. आमच्याबरोबर बस. ज्यांची नावं घेतली त्यांच्याजवळही बस." आणखी काही सुचलं नाही, म्हणून आमेन म्हणाले.

पंचवीस माणसं आमेन म्हणाली, आणि खालच्या काकूही.

आईनं दिवा लावला. सगळ्यांनी डोळे चोळले. "आटोपशीर," मेट्रनबाई चहाचा कप घेत म्हणाल्या. "तुझे बाबा पंधरा मिनिटं घ्यायचे, आणि चहा गार व्हायचा." बाहेर अजून अंधारच होता. माणसं जिना उतरून गेली, फाटकापाशी चपला शोधण्याचा गोंधळ झाला, स्कूटरी सुरू झाल्या. मी सातची बस पकडली. खिशातला कागद संध्याकाळी काढून बघितला तेव्हा त्याच्यावर करंजीचं तूप लागलेलं होतं.

भीती गेली असं सांगता येत नाही. पुढच्या वर्षीही ती होतीच, त्याच्या पुढच्याही. फरक एवढाच पडला की ती असताना दार उघडता येतं हे कळलं. माझ्या श्रद्धेबद्दल मला एवढंच ठामपणे माहीत आहे. बाकीचं मी पुस्तकांत वाचलेलं आहे.

त्या शनिवारी मी यादीतली सहावी ओळ काढायला गेले आणि काढली नाही. रविवारी पाळकसाहेब पाचपर्यंत आले, "सहा" म्हणाले, आणि थांबले. मुद्दाम थांबले की सवयीनं, मी कधी विचारलं नाही. मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. दारात उभे राहून सगळ्यांना पत्रकं वाटायचे ते. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि खाली बसले. काय होतंय ते सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि सातवं नाव वाचलं.

पुढे कधी कोणी उठे, कधी महिनोन्‌महिने कोणीच नाही. मेट्रनबाई एकदाच उठल्या, त्यांच्या शेवटच्या वर्षी, आणि आजाराचं नाव इंग्रजीत स्पष्ट सांगून वर म्हणाल्या, "लवकर आटपा." पत्रक आता छापत नाही, फोनवर जातं. छापखान्याच्या जागी काचेची इमारत आहे, मी त्याच रस्त्यानं जाते तरी नेमकी घोडी कुठे होती ते सांगता येत नाही. आमच्या गच्चीतून टेकडी दिसत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचं नाव मी यादीतून त्याच आठवड्यात काढलं, आणि उलटं वाचून खात्री केली.

अकरावी पहाट आमच्याकडेच आहे. चहा खालच्या काकू करतात. पत्रकात पाचनंतर सहा हा आकडा असतो आणि त्याच्यापुढे काही नसतं. ती जागा मी दर शनिवारी बसवते.